शाळामास्तर जॉर्ज ओहम

शास्त्राच्या वर्गांत विजेचा धडा सुरू झाला म्हणजे फळ्यावर एक छोटेसें समीकरण लिहिलें जातें. विजेच्या दाबाला रोधानें भागिलें कीं प्रवाह निघतो, एवढाच त्याचा अर्थ. विद्यार्थी तें वहींत उतरून घेतात, दोन-चार उदाहरणें सोडवितात, परीक्षेंत गुण मिळवितात आणि विसरून जातात. इतका सोपा नियम कोणाला तरी शोधून काढावा लागला असेल आणि त्यापायीं कांहीं सोसावें लागलें असेल, ही कल्पनाहि सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. खरें सांगावयाचें तर आमच्याहि मनांत ती आली नव्हती.

एका विद्यार्थ्यानें मात्र आम्हांस पेंचांत टाकिलें. ओहमच्या काळीं प्रवाह मोजण्याचें आजच्यासारखें यंत्र नव्हतें, दाब मोजण्याचेंहि नव्हतें आणि रोधाला तर एककहि ठरलेलें नव्हतें. मग त्यानें मोजिलें तरी काय व कशानें, असें त्यानें विचारिलें. आम्हांस तेथल्या तेथें उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधण्यासाठीं आम्ही पुस्तकें चाळूं लागलों, तेव्हां उत्तराबरोबर एका शाळामास्तराचें चरित्रहि आमच्या हातीं लागलें. तेंच आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों.

जर्मनीच्या दक्षिण भागांत एर्लांगेन नांवाचें विद्यापीठाचें गांव आहे. तेथें १६ मार्च १७८९ रोजीं जॉर्ज सायमन ओहम याचा जन्म झाला. बाप योहान हा कुलपें करणारा कारागीर होता व आई एका शिंप्याची मुलगी होती. त्यांना सात मुलें झालीं, पण त्यांपैकीं तिघेंच जगलीं: जॉर्ज, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन व एक बहीण. जॉर्ज दहा वर्षांचा असतांनाच आई वारली.

या बापाविषयीं थोडें अधिक लिहिल्यावांचून पुढें जावेंसें वाटत नाहीं. कुलपें घडवून पोट भरणाऱ्या या मनुष्याला शाळेंतील शिक्षण फारसें मिळालेलें नव्हतें. परंतु त्यानें स्वतःच पुस्तकें मिळवून गणित व पदार्थविज्ञान यांचा चांगला अभ्यास केला होता, आणि दिवसभराचें काम संपलें कीं तो आपल्या दोन्ही मुलांना तें शिकवीत असे. मुलें गांवच्या शाळेंत जात होतीं, पण तेथें शास्त्रविषय जवळजवळ नव्हतेच. खरी शाळा घरींच भरे. मुलगे पंधरा वर्षांच्या आंतबाहेरचे असतांना एर्लांगेन विद्यापीठांतील गणिताचे प्राध्यापक लांग्सडोर्फ यांनीं त्यांची परीक्षा घेतली व ते इतके चकित झाले कीं, बाझल शहरच्या विख्यात बर्नूली गणितज्ञ बंधूंशीं त्यांनीं या कुलुपवाल्याच्या मुलांची तुलना केली. पुढें मार्टिनहि बर्लिनमध्यें गणिताचा नामांकित प्राध्यापक झाला. म्हणजे बापाची मेहनत दोन्हीकडे फळास आली.

पण ती लागलीच फळास आली असें मात्र नाहीं. १८०५ सालीं जॉर्ज विद्यापीठांत दाखल झाला आणि तेथें तो काय करूं लागला? नाच, बिलियर्डचा खेळ आणि हिंवाळ्यांत गोठलेल्या बर्फावर घसरत जाण्याची शर्यत! आमच्या कांहीं विद्यार्थ्यांना हें वाचून बरें वाटेल, पण पुढचेंहि त्यांनीं वाचावें. बापाला स्वतःला जी संधि कधीं मिळाली नव्हती ती मुलगा उधळीत आहे, हें त्याच्यानें पाहवलें नाहीं. दीड वर्षांतच त्यानें मुलाला विद्यापीठांतून काढिलें, आणि १८०६ च्या सप्टेंबरांत सतरा वर्षांचा जॉर्ज स्वित्झर्लंडमधील गोटश्टाट येथील शाळेंत गणिताचा मास्तर म्हणून रुजू झाला.

तेथें तो सुधारला. पुढें लांग्सडोर्फ हायडेलबर्गच्या विद्यापीठांत गेले, तेव्हां त्यांच्या हाताखालीं शिकावयास जावें असें ओहमला वाटलें. पण गुरूंनीं सल्ला दिला तो वेगळाच: कोणाच्याहि मागें न लागतां ऑयलर व लाप्लास यांचे ग्रंथ स्वतः वाचावे. ओहमनें तसेंच केलें. कांहीं काळ न्यूशाटेल येथें खासगी शिकवणी करीत, उरलेल्या वेळांत ग्रंथ वाचीत, त्यानें तयारी केली व १८११ सालीं एर्लांगेनला परत येऊन त्याच वर्षीं डॉक्टरची पदवी घेतली. विद्यापीठांत व्याख्यानें देण्याची परवानगी मिळाली. पण तींत पोट भरेना. म्हणून १८१३ मध्यें त्यानें बांबेर्ग गांवच्या एका शाळेंत नोकरी धरली. ही शाळा बेताचीच होती आणि १८१६ मध्यें ती बंदच झाली. तेव्हां त्याला गांवांतल्याच दुसऱ्या, मुलांनीं ओसंडून गेलेल्या शाळेंत मदतनीस म्हणून पाठविण्यांत आलें. या कंटाळवाण्या वर्षांत त्यानें भूमितीवर एक पुस्तक लिहिलें व त्याची प्रत थेट प्रशियाच्या राजाकडे पाठविली. राजाला तें पसंत पडलें. १८१७ सालीं ओहमला कोलोन शहरच्या हायस्कुलांत गणित व पदार्थविज्ञान शिकविण्याची जागा मिळाली. हें विद्यालय मूळचें जेझुइट पाद्र्यांचें. तेथें पदार्थविज्ञानाची चांगली प्रयोगशाळा होती, आणि बापाच्या दुकानांत लहानपणीं हातोडी-कानस धरलेले हात आतां तिच्यांत रमूं लागले.

आतां त्या काळीं विजेविषयीं काय ठाऊक होतें तें पाहूं. १८०० मध्यें इटलीच्या व्होल्टानें दोन निराळ्या धातूंच्या चकत्या एकावर एक रचून, मध्यें खाऱ्या पाण्यांत भिजविलेले पुठ्ठ्याचे तुकडे घालून, सतत वाहणारी वीज प्रथम निर्माण केली. त्या उतरंडीच्या दोन टोकांना तार जोडिली म्हणजे तारेंतून प्रवाह वाहतो. १८२० मध्यें डेन्मार्कच्या एर्स्टेडला आढळून आलें कीं, अशा तारेजवळ होकायंत्राचा कांटा नेला तर तो आपली दिशा सोडून वळतो. प्रवाह जोराचा असला तर कांटा अधिक वळतो, मंद असला तर कमी. आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर येथें आहे. ओहमनें प्रवाह मोजिला तो या कांट्यानें.

त्यानें कांटा एका धातूच्या पातळ पट्टीनें टांगिला. खालून वीज वाहूं लागली कीं कांटा वळे. मग पट्टीचें वरचें टोक हातानें इतकें पिळावयाचें कीं कांटा पुन्हां पहिल्या जागीं यावा. जितका पीळ अधिक द्यावा लागला, तितका प्रवाह अधिक. ही युक्ति फ्रान्सच्या कूलाँबची. ओहमनें ती विजेच्या प्रवाहासाठीं वापरली.

प्रश्न असा होता: तार जसजशी लांब घ्यावी तसतसा प्रवाह कमी होतो, हें दिसत होतें, पण तो कोणत्या हिशेबानें कमी होतो? ओहमनें व्होल्टाची उतरंड घेऊन प्रयोगाला आरंभ केला. आणि येथें त्याला जो त्रास झाला त्याची कल्पना ज्यानें स्वतः प्रयोग केला असेल त्यालाच येईल. कांटा स्थिर राहीना. तार जोडतांक्षणीं प्रवाह जोरांत असे, मग तो उतरत जाई. तार काढून थोडा वेळ थांबलें कीं पुन्हां चढे. याचें कारण असें कीं, प्रवाह चालू असतां धातूच्या चकतीवर वायूचे बुडबुडे जमतात व उतरंडीचा जोर कमी करितात. ज्या काठीनें कापड मोजावयाचें ती काठीच लहानमोठी होत असेल तर व्यापार कसा व्हावा? तरीहि ओहमनें आंकडे जुळविले, त्यांवरून एक सूत्र बसविलें आणि १८२५ मध्यें तें प्रसिद्ध केलें. त्यांत लॉगॅरिथम होता. तें सूत्र चूक होतें.

आमच्या मतें ओहमच्या आयुष्यांतील सर्वांत मोठा प्रसंग हाच. पस्तिशी ओलांडलेला, कोणी न ओळखणारा शाळामास्तर; विद्यापीठांत जागा मिळावी म्हणून धडपडणारा; त्याचा विजेवरील पहिलाच निबंध छापून आलेला. अशा वेळीं आपलेंच सूत्र संशयास्पद आहे हें मनुष्य सहसा कबूल करीत नाहीं. आंकड्यांना जरा इकडे-तिकडे वांकवितों. ओहमनें तसें न करितां सगळें पुन्हां मुळापासून सुरू केलें.

बर्लिनचे पोगेनडोर्फ नांवाचे एक शास्त्रीय मासिकाचे संपादक होते. त्यांनीं सुचविलें कीं, व्होल्टाची उतरंड सोडून द्यावी व झेबेकच्या शोधाचा उपयोग करावा. झेबेकनें १८२१ मध्यें दाखविलें होतें कीं, दोन धातूंचे दोन सांधे करून एक तापविला व एक थंड ठेविला तर त्यांतून वीज वाहते. ओहमनें बिस्मथ धातूचा एक तुकडा घेऊन त्याच्या दोन्ही टोकांना तांब्याच्या पट्ट्या जोडिल्या. एक सांधा उकळत्या पाण्यानें तापता ठेविला, दुसरा बर्फानें थंड. पाणी उकळत आहे तोंवर त्याचें उष्णतामान बदलत नाहीं. बर्फ वितळत आहे तोंवर त्याचेंहि बदलत नाहीं. म्हणून विजेचा दाबहि बदलत नाहीं. हा दाब अगदींच अल्प होता, पण स्थिर होता. आणि ओहमला जोर नको होता, स्थिरता हवी होती.

मग त्यानें सारख्या जाडीच्या तांब्याच्या आठ तारा घेतल्या. त्यांची लांबी अनुक्रमें २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ व १३० इंच. १८२६ च्या जानेवारींत त्यानें एकेक तार जोडून पीळ मोजिला. २ इंची तारेला पीळ आला ३२६¾ भाग, ३४ इंची तारेला १३४½ भाग आणि १३० इंची तारेला ४८½ भाग.

विद्यार्थ्यांनीं येथें पेन्सिल हातीं घ्यावी. २ इंचांची तार १३० इंचांची झाली, म्हणजे लांबी पासष्ट पट वाढली. पण प्रवाह पासष्टावा हिस्सा झाला काय? नाहीं, तो जेमतेम सातव्या हिश्श्याच्या आसपास आला. कां? कारण वीज केवळ त्या तारेंतून वाहत नव्हती. बिस्मथचा तुकडा, तांब्याच्या पट्ट्या, सांधे, हें सगळें मंडळ तिला ओलांडावें लागे, आणि त्याचाहि अडथळा होताच. ओहमनें हिशेब केला तेव्हां हा उरलेला अडथळा सुमारें २०¼ इंच तारेइतका भरला. आतां प्रत्येक तारेंत हे २०¼ इंच मिळवा. २ चे झाले २२¼. त्यांना ३२६¾ नें गुणा, ७२७० येतात. ३४ चे झाले ५४¼. त्यांना १३४½ नें गुणा, सुमारें ७२९७ येतात. १३० चे झाले १५०¼. ४८½ नें गुणा, ७२८७. हातानें पिळलेली पट्टी आणि डोळ्यांनीं पाहिलेला कांटा, तरी फरक हजारांत चारांहून अधिक नाहीं!

एवढाच ओहमचा नियम. दाब कायम ठेविला तर प्रवाह व मंडळाचा एकंदर रोध यांचा गुणाकार कायम राहतो; आणि तो गुणाकार म्हणजेच तो दाब. लॉगॅरिथम वगैरे कांहीं नाहीं. तिसरींतल्या मुलाला येणारा गुणाकार-भागाकार. तार दुप्पट लांब केली तर तिचा रोध दुप्पट, तिचा छेद दुप्पट केला तर रोध निम्मा. घरांतील इस्त्रीचा रोध ४६ ओहम असला व घरांत वीज २३० व्होल्टांची असली, तर इस्त्रींतून ५ अँपिअर प्रवाह जाईल. आणि बॅटरींतील जुन्या घटांवर दिवा मिणमिणतो त्याचें कारणहि ओहमच्या त्या २०¼ इंचांतच सांपडतें: घट जुना होतां होतां त्याचा आंतला रोध वाढतो, आणि बाहेरचा दिवा तोच असला तरी त्याच्या वांट्याला प्रवाह कमी येतो. पालकांसाठीं एक गोष्ट जातां जातां सांगतों. पाणी तापविण्याच्या यंत्राला बारीक तार जोडूं नये. बारीक तारेचा रोध अधिक, म्हणून तोच मोठा प्रवाह तिच्यांतून जातांना ती तापते व तिच्यावरचें वेष्टण जळतें.

१८२६ मध्येंच ओहमनें आपलें जुनें सूत्र सोडून नवें प्रसिद्ध केलें. मग शाळेकडून अर्ध्या पगारावर एक वर्षाची रजा घेऊन तो बर्लिनला भावाकडे गेला व १८२७ मध्यें त्यानें विजेच्या मंडळाच्या गणितावर आपला प्रसिद्ध ग्रंथ छापविला. फ्रान्सच्या फूर्येनें १८२२ मध्यें लोखंडाच्या कांबींतून उष्णता कशी वाहते याचें गणित मांडिलें होतें. उष्णता जशी अधिक उष्णतामानाकडून कमीकडे, तशी वीज अधिक दाबाकडून कमीकडे, असें ओहमनें दाखविलें. हा ग्रंथ आपल्याला विद्यापीठांत जागा मिळवून देईल अशी त्याची उमेद होती.

ती जागा मिळाली नाहीं. जर्मनींतील पुष्कळ पदार्थवैज्ञानिकांना त्या वेळीं गणिताची ही भाषा परकी वाटे. बर्लिनच्या एका टीकाकारानें तर ग्रंथाची पुरती नालस्ती केली. ओहमला सरकारी मंत्र्यानें हांकलून दिलें अशी कथा अनेक ठिकाणीं लिहिलेली आढळते. आम्हांस ती तितकी खरी वाटत नाहीं. राजीनामा त्यानेंच दिला, १८२८ च्या मार्चांत. अपमान झाला म्हणून कीं शाळेच्या वेळापत्रकांत पुन्हां अडकून पडणें नको म्हणून, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण एवढें खरें कीं, एकोणचाळिसाव्या वर्षीं, जगाला पुढें शतकानुशतकें उपयोगीं पडणारा नियम खिशांत असतांना, त्याच्या हातीं कायमची नोकरी नव्हती. पुढचीं पांच वर्षें त्यानें बर्लिनमध्यें लष्करी शाळेंत गणिताचे तास घेऊन काढिलीं. लाइप्झिगच्या फेख्नरनें १८३१ मध्यें त्याचे प्रयोग पुन्हां करून नियम खरा असल्याचें दाखविलें. तरी गाजावाजा झाला नाहीं. १८३३ मध्यें न्यूरेंबर्गच्या औद्योगिक विद्यालयांत त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली व १८३९ मध्यें तो तेथील मुख्य झाला.

येथें एक गोष्ट आठवते. ओहमच्या आधीं कितीतरी वर्षें, १७८१ मध्यें, इंग्लंडांतील हेन्री कॅव्हेंडिश या श्रीमंत व एकलकोंड्या गृहस्थाला जवळजवळ हाच नियम आढळला होता. कांट्याऐवजीं तो स्वतःच्या शरीराला विजेचे धक्के घेऊन ते कमीअधिक किती हें ताडीत असे! पण त्यानें हें छापिलेंच नाहीं. मॅक्सवेलनें त्याचे कागद १८७९ मध्यें प्रसिद्ध केले, तेव्हां कॅव्हेंडिशला जाऊन सुमारें सत्तर वर्षें झालीं होतीं आणि ओहमलाहि पंचवीस.

मान मिळाला तो परदेशांतून. लंडनच्या रॉयल सोसायटीनें १८४१ मध्यें ओहमला कोप्ली पदक दिलें. त्याच वर्षीं त्याच्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर निघालें. तारायंत्राचा काळ सुरू झाला होता, आणि शेंकडों मैल तार टाकावयाची तर तिच्यांतून किती वीज पोहोंचेल हें आधींच काढितां यावयास हवें होतें. तें ओहमच्या नियमाशिवाय निघत नव्हतें. १८७० मध्यें सुवेझहून एडनमार्गें आपल्या मुंबईपर्यंत समुद्रांतून तार आली. अशी तार भर समुद्रांत तुटली तर ती कोठें तुटली हें किनाऱ्यावरूनच ओळखीत. समजा, तारेच्या प्रत्येक मैलाचा रोध ४ ओहम आहे आणि किनाऱ्यावर मोजतांना १२०० ओहम भरला, तर मोड सुमारें ३०० मैलांवर. तेवढ्यानें दुरुस्तीचें जहाज नेमक्या जागीं जाई.

१८४३ मध्यें ओहमनें ध्वनीविषयींहि एक नियम मांडिला: मिश्र स्वर ऐकतांना कान त्याचे साधे घटक स्वर वेगळे करितो. त्यावर वाद झाला. हेल्महोल्ट्झनें पुढें तो विचार उचलून धरला. पदार्थांच्या अणुरचनेवर अनेक खंडांचा ग्रंथ लिहिण्याचाहि त्याचा बेत होता. १८४९ मध्यें पहिला खंड निघाला, बाकीचे निघाले नाहींत. त्याच वर्षीं त्याला म्यूनिचला बोलावण्यांत आलें, पण शास्त्रीय उपकरणांच्या संग्रहाचा रक्षक म्हणून. विद्यापीठांतील पदार्थविज्ञानाची मुख्य जागा, जिच्यासाठीं त्यानें १८२७ मध्यें ग्रंथ लिहिला होता, ती त्याला १८५२ मध्यें मिळाली. तेव्हां तो त्रेसष्ट वर्षांचा होता. त्यानें लग्न केलें नव्हतें. विद्यार्थ्यांसाठीं पदार्थविज्ञानाचें एक पाठ्यपुस्तक त्यानें लिहून काढिलें, आणि तें निघालें त्याच वर्षीं, ६ जुलै १८५४ रोजीं, म्यूनिच येथें त्याचा अंत झाला.

१८८१ मध्यें पॅरिस येथें विजेच्या मापांविषयीं आंतरराष्ट्रीय परिषद भरली व रोधाच्या एककाला ओहमचें नांव देण्याचें ठरलें. १८९३ च्या शिकागो परिषदेनें शून्य अंशावरील, १ चौरस मिलिमीटर छेदाच्या, १०६.३ सेंटिमीटर लांब पाऱ्याच्या स्तंभाचा रोध म्हणजे एक ओहम असें निश्चित केलें. तो पाऱ्याचा स्तंभ आतां गेला आहे. २०१९ पासून हें एकक निसर्गांतील दोन स्थिरांकांवर बसविलेलें आहे. ओहमच्या नांवाचें आद्याक्षर शून्यासारखें दिसतें, म्हणून घोटाळा होऊं नये यासाठीं ग्रीक ओमेगा अक्षर त्याची खूण झालें. वाहकता म्हणजे रोधाच्या उलट. तेव्हां इंग्रज शास्त्रज्ञांनीं तिच्या एककासाठीं ओहमचींच अक्षरें उलटीं लिहून म्हो असें नांव केलें आणि खूण म्हणून ओमेगाहि उलटा टांगला. १९७१ मध्यें त्या एककाला सीमेन्स हें नांव मिळालें. जुन्या पुस्तकांत मात्र तो उलटा मास्तर अजून भेटतो.